निसर्ग अभ्यासक व्हायचंय: संस्थेचा अभ्यासक्रम, गाइड प्रशिक्षण की जवळचा गट?

महाराष्ट्रात नवशिक्याला निसर्गअभ्यासाच्या साधारण तीन वाटा दिसतात. पहिली म्हणजे संस्थेचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. मुंबईची बी.एन.एच.एस. (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, स्थापना १८८३) पक्षी, कीटक, वनस्पती अशा विषयांचे प्राथमिक अभ्यासक्रम घेते आणि काही महाविद्यालयंही असे वर्ग चालवतात. दुसरी वाट व्याघ्र प्रकल्पांत आणि अभयारण्यांत काम करणाऱ्या गाइडांच्या प्रशिक्षणाची. तिसरी जवळजवळ बिनपैशाची: गावच्या टेकडीवर, तळ्यावर किंवा किनाऱ्यावर नेमाने फिरणारा गट, आणि त्याला ई-बर्ड (पक्ष्यांच्या याद्या), सीझनवॉच (झाडांचे ऋतुबदल), आयनॅचरलिस्ट (कुठल्याही सजीवाचे फोटो) यांसारख्या ऑनलाइन नोंद-प्रकल्पांची जोड.

शहरात राहणाऱ्याने दुसरी वाट लगेच खोडावी. हे काम बहुतेक ठिकाणी जंगलालगतच्या गावांतल्या लोकांसाठी असतं, आणि ते योग्यच आहे. तिथल्या तरुण-तरुणींना त्यातून थेट रोजगार मिळतो. त्यांनी मात्र दोन गोष्टी आधी धरून चालाव्यात. ताडोबासारख्या ठिकाणी मुख्य क्षेत्र पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद असतं, म्हणजे त्या महिन्यांत फेऱ्या कमी आणि कमाईही कमी. शिवाय प्रशिक्षणाचा भर पर्यटकांची सुरक्षा, नियम आणि वाघ यांच्यावर असतो. झाडं, कोळी, फुलपाखरं स्वतःच शिकावी लागतात.

खरी निवड उरते पहिली आणि तिसरी यांत.

संस्थेच्या अभ्यासक्रमातून वर्गीकरण, शरीररचना, अधिवास आणि शास्त्रीय नावं यांची शिस्त लागते. एकट्याने पुस्तकं चाळून ती सहसा लागत नाही. अडचण येते ती बाहेर पडल्यावर. स्लाइडवरचा शिक्रा हा शिकारी पक्षी छान उजेडात, बाजूने, मान वळवून बसलेला असतो. रानात तोच पानांआड पाठमोरा दिसतो, आणि कोकिळेच्या कुळातला पावशाही त्याच्यासारखाच राखाडी पाठीचा, पट्ट्यांच्या शेपटीचा आणि तशाच झेपेने उडणारा. कोकिळेची ठिपकेदार मादी नवख्याला वेगळाच पक्षी वाटते. हिवाळ्यात मातकट दिसणाऱ्या वंचकाची (तळ्याकाठच्या छोट्या बगळ्याची) पाठ विणीच्या दिवसांत तांबूस-काळसर होते, तेव्हा तो ओळखूच येत नाही. हे चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणच्या सहलींतून येत नाही. त्यासाठी एकाच जागी, निरनिराळ्या ऋतूंत, पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि बहुतेक अभ्यासक्रमांत नेमकं तेच नसतं.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारायचं: प्रत्यक्ष फेऱ्या किती, आणि त्यांतल्या एकाच जागी किती? एका मार्गदर्शकामागे किती जण? १२ ते १५ च्या पुढे गेलं की मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. शिकवणं आणि परीक्षा मराठीत आहे का? ऑनलाइन तासाचं रेकॉर्डिंग मिळतं का? दुर्बीण संस्था देते का? स्वतःची घ्यायची झाल्यास ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) घ्यावी. १०×५० जड पडते, हाताचा कंप जास्त दाखवते आणि दिसणारा परिसर सहसा कमी करते. चष्मा असेल तर डोळा-अंतर (आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसत असताना डोळा भिंगापासून किती दूर ठेवता येतो ते) किमान १५ मिलिमीटर आहे ना ते पाहावं, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. आणि नवशिक्यांच्या वर्गात कुणी साप हाताळायला देत असेल तर तो अभ्यासक्रम सोडून द्यावा, शिकवणारा कितीही नावाजलेला असो.

गटाची पारख वेगळ्या तऱ्हेने करायची. तो नोंदी ठेवतो का? फक्त व्हॉट्सअॅपवर फोटो फिरत असतील तर सकाळ मजेत जाते, शिकणं मात्र थोडं होतं. ई-बर्डची पूर्ण यादी करणारा गट पाहावा. पूर्ण यादी म्हणजे सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती अंतर, आणि ओळखता आलेल्या प्रत्येक जातीची संख्या. १५ मिनिटांची यादीही चालते. अंतर एक-दोन किलोमीटरपर्यंत ठेवावं, कारण पुढे माळ संपून शेती लागते आणि कोणता पक्षी कुठे दिसला ते कळेनासं होतं. हमखास होणारी चूक म्हणजे कावळे, साळुंक्या, पारवे न लिहिणं. मग पुढे वाचणाऱ्याला कळत नाही की त्या दिवशी कावळा नव्हता की लिहिणाऱ्याला त्याचं अप्रूप नव्हतं.

आयनॅचरलिस्टवर झाड टाकायचं तर एक फोटो पुरत नाही. पानाच्या दोन्ही बाजू, फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, फूल समोरून आणि बाजूने, आणि साल, एवढं हवं. अॅप सुचवतं ते नाव हा फक्त अंदाज असतो. ओळख पटवणारे किमान दोघे असले आणि त्यांच्यातले दोन-तृतीयांशांहून अधिक सहमत झाले की नोंदीला संशोधन दर्जा (म्हणजे अभ्यासकांनी वापरण्याजोगी असल्याचा शिक्का) मिळतो, पण दोघांनीही तीच सूचना डोळे मिटून मान्य केली असेल तर चुकीच्या नावालाही तो मिळतो! गटात एक तरी जाणकार, शंका काढणारा माणूस लागतो तो यासाठी.

आता "सर्वांसाठी खुले" या शब्दांकडे. जाहिरातीत ते तिन्ही वाटांवर दिसतात, पण पडताळायचे ते तपशिलात. सकाळी सहाला जमायचं असेल तर पहिली बस कितीची? वाटेत स्वच्छतागृह आहे का? नसेल तर बायका दुसऱ्यांदा येत नाहीत, आणि आयोजक म्हणतात की बायकांना आवड नाही. ज्यांची सुट्टी रविवारी नसते त्यांच्यासाठी संध्याकाळी चार ते सहाची फेरी आहे का?

चालणं जमत नसेल तर ई-बर्डची स्थिर यादी आहे: तळ्याच्या बांधावर किंवा बागेत, ३० मीटरच्या आत राहून. सीझनवॉचला तर खिडकी पुरते. एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला पालवी, फुलं, फळं नाहीत, थोडी आहेत की भरपूर, ते लिहायचं. पहिलं झाड बहावा, पळस किंवा आंबा घ्यावं. उंबर-वड नको, त्यांची फुलं फळासारख्या गोळ्याच्या आत असतात आणि नवखा तिथेच अडकतो. अंध व्यक्तीला तांबटाची टुकटुक आणि दयाळाची शीळ डोळसांइतकीच, कधी त्यांच्याआधी, ओळखता येते. मार्गदर्शकाने मात्र "ते बघा वर" म्हणणं सोडून "दहाच्या काट्याकडे, साधारण दोन मजले उंचीवर" असं सांगायला हवं. ऐकू न येणाऱ्यांसाठी चालत चालत बोलू नये. थांबून, तोंड त्यांच्याकडे करून सांगावं. शुल्क माफ केलं आणि यांतलं काहीच केलं नाही, तर दार अर्धंच उघडलं.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना आणखी एक पर्याय आहे. मुंबईत मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटाच्या किनारा-फेऱ्या असतात. यात वेळ घड्याळाने ठरत नाही, भरती-ओहोटीच्या तक्त्याने ठरते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी उतरावं आणि पाणी वळताच परतावं. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे "दर रविवारी सकाळी सात" असं वेळापत्रक देणारा आयोजक दिसला तर सावध व्हावं. उलटा केलेला दगड होता तसाच परत ठेवायचा.

नोकरी करणाऱ्याने आधी गट गाठावा आणि वर्षभर एकच जागा पाहावी. संस्थेचा अभ्यासक्रम त्यानंतर घ्यावा, कारण तोवर प्रश्न स्वतःचे झालेले असतात. विद्यार्थ्याला पुढे जीवशास्त्रात जायचं असेल तर क्रम उलटा चालेल. खेड्यात राहणाऱ्याच्या नोंदींना आणखी एक घर आहे: २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही (गावातल्या प्राणी-वनस्पतींची नोंद) असायला हवी. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) ती बघायला मागावी, शेवटची नोंद कधीची आहे ते पाहावं आणि गटाच्या यादीतल्या कोणत्या जाती तिच्यात नाहीत ते टिपून समितीला द्यावं.