आधी काय शिकावं: अक्षरगणवृत्त की मात्रावृत्त?

कविता छंदात लिहायला घेतली की यातलं कोणतं वृत्त, म्हणजे लयीचा साचा, आधी शिकावं हा प्रश्न हमखास पडतो.

मेहनत आधी पाहू. अक्षरगणवृत्तात लघु-गुरूंची (ऱ्हस्व-दीर्घ उच्चाराच्या अक्षरांची) जागाच ठरलेली असते. मनाचे श्लोक ज्यात आहेत ते भुजंगप्रयात घ्या: ओळीत 12 अक्षरं, लघु-गुरु-गुरु असे चार ‘य’ गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट). इथे ‘निळे आभाळ’ बसत नाही, कारण चौथं अक्षर लघुच हवं आणि ‘भा’ गुरु आहे. ‘निळेशार आभाळ’ मात्र चपखल बसतं. असा शब्द सापडेपर्यंत दम निघतो.

मात्रावृत्तात लघूची 1, गुरूची 2 मात्रा (मात्रा म्हणजे उच्चाराच्या वेळाचं माप), एवढंच मोजायचं. पादाकुलक या मात्रावृत्ताची ओळ 16 मात्रांची, 8-8 अशी. ‘आभाळ निळे’ म्हटलं की अर्धी ओळ तयार! बोलण्यातले शब्द सहज येतात. पण कान कच्चा असेल तर मात्रा जुळूनही ओळ अडखळते.

पाठांतराला अक्षरगणवृत्तच सरस.

स्तोत्र, श्लोक किंवा मराठी गझल लिहायची असेल, तर आधी गण पक्के करा. बालगीत, भावगीत लिहायचं असेल किंवा पहिलीच कविता असेल, तर मी बेलाशक मात्रावृत्त सुचवेन.