काशीच्या पाच खोल्या आणि खिडकीतला माड

मोठं कुटुंब घेऊन काशीला, पुरीला किंवा उज्जैनला निघायचा बेत असेल आणि राहायची सोय फोनवरून करत असाल, तर आधी हे वाचा, मग पैसे पाठवा. २०२५च्या दिवाळीच्या आगेमागे आमचे ४९,५६० रुपये असेच गेले. आम्हाला ज्यानं फसवलं तो स्वस्त खोल्या विकत नव्हता. 'सगळे एकत्र राहा' हे तो विकत होता, आणि घरची वयस्कर माणसं बरोबर असली की नेमकं तेच हवं असतं.

आम्ही लहानमोठी धरून सतरा माणसं. सासूबाई, चुलत सासरे-सासूबाई, मोठ्या वन्संचं कुटुंब, धाकटे भाऊजी आणि जाऊबाई, आम्ही आणि सगळ्यांची मुलं. 'काशीस जावे नित्य वदावे' म्हणतात, तसं सासूबाईंचं वर्षानुवर्षं नुसतं वदणंच चाललं होतं. या खेपेस देव दीपावलीला, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला, घाटावरचे दिवे बघायचेच असं ठरलं. पौर्णिमा ५ नोव्हेंबरला होती. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडतं आणि एका तिकिटावर सहाच माणसं बसतात. त्यामुळे तीन वेगवेगळ्या मोबाइलवरून एकाच वेळी धडपड करून महानगरी एक्सप्रेसची तिकिटं काढली. ती मिळाल्याच्या आनंदात घरात पेढे वाटायचेच बाकी होते. खोल्यांचं नंतर बघू, असं सगळ्यांनीच म्हटलं.

ठिकाण हवं होतं दशाश्वमेध घाटाच्या जवळ. काशीला गेलेल्यांना माहीत असेल, गोदौलिया चौकाच्या पुढे गाडी नेता येत नाही. टोटोवाला, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षावाला, तिथे उतरवतो, मग सामान उचलून गल्ल्यांतून चालायचं. गल्लीतली गेस्टहाउसं अरुंद आणि उंच, जिने उभे, मजल्यावर दोन-चार खोल्या. सासूबाईंचे गुडघे बघता तळमजला हवाच होता. बुकिंगच्या ॲपवर सतरा माणसं टाकली की खोल्या दोन-तीन इमारतींत विखुरल्या जात होत्या, जादा गादीचे पैसे वेगळे, आणि पौर्णिमेच्या आठवड्याचे दर ऐकून चुलत सासरे म्हणाले, "एवढ्यात माणूस काशीत कायमचा राहील." मग हॉटेलशी थेट बोला, ॲपचं कमिशन वाचतं, असा सल्ला चारजणांनी दिला. सल्ला तसा चुकीचा नाही.

मोबाइलच्या नकाशावर घाटाजवळचं एक गेस्टहाउस सापडलं. जुनं, भरपूर फोटो, शेकडो लोकांचे अभिप्राय, त्यात मराठी माणसांचेही. गेस्टहाउस खरं, फोटो खरे, अभिप्रायही खरे. खोटा होता तो फक्त फोन नंबर. नकाशावरच्या अशा पानावर 'बदल सुचवा' म्हणून सोय असते आणि ती कुणालाही वापरता येते. ज्या छोट्या मालकांनी आपलं पान स्वतःच्या ताब्यात घेतलेलं नसतं, त्यांचा नंबर असा परस्पर बदलला तरी त्यांना पत्ता लागत नाही. ग्राहक कमी का झाले, एवढंच ते एकमेकांना विचारत बसतात. म्हणून 'रिव्ह्यू बघून घ्या' हा नेहमीचा सल्ला इथे काही कामाचा नाही.

फोन उचलणाऱ्याचा आवाज मृदू, हिंदी अदबशीर. मागे काउंटरवरची घंटा वाजावी तसा आवाजही येत होता. पहिला प्रश्न त्यानं विचारला, "टिकट हो गया है आप लोगों का?" मला वाटलं, केवढी ही आपुलकी. आता कळतं, तो अंदाज घेत होता. तिकिटं निघाली म्हणजे तारखा पक्क्या, म्हणजे हे लोक मागे फिरणार नाहीत. दुसरा प्रश्न, बरोबर वयस्कर कोण आहे? तिसरा, जेवणात कांदा-लसूण चालतो का? मग म्हणाला, "माताजी को एक भी सीढ़ी नहीं चढ़नी पड़ेगी. नीचे के दो कमरे उनके लिए, तीन ऊपर, पूरा फ्लोर आपका." बाथरूममध्ये कमोड आहे का, हे मी विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं. दर चौदाशे रुपये. हा दरही हिशेबानं ठेवलेला होता. पाचशे म्हणाला असता तर आम्ही फोन ठेवला असता, तीन हजार म्हणाला असता तरी ठेवला असता.

पाच खोल्या, चार रात्री, २८,००० रुपये. वर अठरा टक्के जीएसटी, एकूण ३३,०४०. निम्मे आगाऊ, बाकीचे आल्यावर. व्हॉट्सॲपवर पावतीचा नमुना आला. वर गेस्टहाउसचं बोधचिन्ह, खाली शिक्का, सतरा जणांची नावं वयासकट टंकलेली. सासूबाईंच्या नावापुढे 'ग्राउंड फ्लोर' असं ठळक अक्षरांत. ती पावती आमच्या 'काशीयात्रा' ग्रुपवर पडताच हात जोडलेल्यांची रांग लागली. चुलत सासूबाईंनी तर बॅगेची यादीही टाकली.

मोठ्या कुटुंबाच्या ग्रुपवर एक गंमत होते. भाऊजींना वाटतं वहिनी बोलल्यात म्हणजे बघितलंच असणार. वन्संना वाटतं, भाऊजी बँकेत आहेत म्हणजे त्यांनी खातं बघितलं असणार. सतराजणांच्या डोळ्यांखालून कागद गेला म्हणजे तो सतरा वेळा तपासला गेला, असं प्रत्येकाला वाटतं. या धंद्यातल्यांना ते पक्कं ठाऊक आहे. एकट्या माणसापेक्षा असा गोतावळा त्यांना सोपा जातो, आणि शिवाय पैसे काढायला खिसेही जास्त.

त्या पावतीत बघण्यासारखं काय होतं ते आता सांगते. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी पाच टक्के आहे, त्याआधी बारा होता. चौदाशेच्या खोलीवर अठरा टक्के कधीच नव्हता. दुसरं म्हणजे जीएसटी क्रमांक. तो पंधरा अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा २७, उत्तर प्रदेशचा ०९. आमच्या पावतीवरचा क्रमांक सुरू होत होता ०७नं, म्हणजे दिल्ली. हॉटेल ज्या राज्यात, नोंदणी त्याच राज्यातली लागते, मालक कुठलाही असो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते लॉगिन न करताही दिसतं. आम्ही नंतर टाकून पाहिलं, तर तो दिल्लीतल्या कुठल्याशा कपड्यांच्या दुकानाचा निघाला. त्या बिचाऱ्या दुकानदाराला याचा गंधही नसणार.

पहिले १६,५२० माझ्या खात्यातून गेले. यूपीआयवर नाव आलं ते गेस्टहाउसचं नव्हे, कुणा माणसाचं. तो म्हणाला, "मॅनेजर साहब का खाता है, मालिक विदेश में हैं." दहा मिनिटांत त्याचाच फोन, आवाजात काळजी. सिस्टीम अर्धे पैसे घेत नाही, पूर्ण रक्कम एकरकमी आली तरच खोल्या राखून ठेवल्या जातात. नाहीतर पौर्णिमेमुळे रात्री आठनंतर खोल्या दुसऱ्यांना जातील. पूर्ण ३३,०४० एकदा भरा, आधीचे १६,५२० आपोआप परत. भाऊजींनी त्यांच्या खात्यातून भरले.

मग तिसरा फोन. परतावा अडकलाय, तो सोडवायला यूपीआय उघडा, रकमेच्या चौकटीत मी सांगतो तो 'रिफंड कोड' घाला आणि पिन दाबा. कोड होता १६५२०. हा डाव देशभर सर्रास चालतो. कोड म्हणून सांगितलेला आकडा ही रक्कमच असते आणि ती तुमच्याच खात्यातून जाते. पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन दाबला की पैसे जातात, येत नाहीत.

भाऊजींचं बोट चौकटीपर्यंत गेलं होतं. तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, जरा खोली तरी दाखवा म्हणावं. त्यानं लगेच व्हिडिओ पाठवला. पांढऱ्या चादरी, भिंतीवर शंकराचं चित्र, पंखा फिरतोय, पडदा सरकतो आणि खिडकीतून ऊन येतं. सासूबाई चष्मा लावून बघत होत्या. त्या गुहागरकडच्या. म्हणाल्या, "मागे माड दिसतोय गो. काशीत माड कुठले?" आम्ही पुन्हा लावून पाहिलं. पडदा सरकला की क्षणभर झावळ्या हलताना दिसत होत्या, दोन-तीन माडांच्या, आणि त्यांच्यामागे लाल मातीचं अंगण. गोदौलियाच्या गल्लीत अंगणच नसतं, माडाचं तर सोडाच. वन्संनी फोन घेतला आणि विचारलं, तुमच्या दारातून घाटावर जायला डावीकडे वळायचं की उजवीकडे? पलीकडे शांतता. मग म्हणाला, "मैडम, आप पहले रिफंड का प्रोसेस कर लीजिए." नंतर नंबर बंद.

इथून पुढे वेळ महत्त्वाचा. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक लगेच लावा, उद्या बघू म्हणू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात असतात. तक्रार नोंदली गेली की समोरच्या बँकेला कळवून जे अजून खात्यात असेल ते रोखून धरता येतं. फोन लावताना बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की तो दिसतो. मग केंद्राच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करायची, तिथे पावती आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडायचे. चॅट चिडून डिलीट करू नका. आमच्या चुलत सासऱ्यांनी रागाच्या भरात अख्खा ग्रुपच सोडला होता, नशीब पावती इतरांकडे होती.

बँकेकडून फार आशा धरू नका. रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम आहे की ग्राहकाच्या नकळत पैसे गेले आणि त्यानं तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर झळ ग्राहकाला नाही. पण इथे पिन आपणच दाबलेला असतो. बँक म्हणते, व्यवहार तुमच्या परवानगीनं झाला. आमच्या शाखेतल्या बाईंनी हे इतक्या सरावानं सांगितलं की रोज कुणीतरी ऐकायला येत असणार.

तिकिटं होती म्हणून गेलो. दोन ठिकाणी विभागून राहिलो. वयस्कर मंडळींसाठी कँट स्टेशनसमोर परेड कोठीत उत्तर प्रदेश पर्यटनाचं 'राही' बंगलो आहे, तिथे खोल्या मिळाल्या. बाकीचे जवळच्या एका साध्या लॉजमध्ये. घाटापासून लांब पडतं खरं, पण टोटो मिळतात, आणि सरकारी सोयीचं बुकिंग सरकारी संकेतस्थळावर होतं, कुणाच्या मॅनेजरच्या खात्यात नाही. रात्र-दोन रात्रींचाच प्रश्न असेल तर पक्क्या तिकिटाच्या पीएनआरवर रेल्वेची विश्रांतीगृहंही मिळतात. मोठ्या शहरांतल्या स्टेशनांवर ही सोय बघून ठेवावी. एका छपराखाली नाही राहिलो. रोज सकाळी गोदौलियाला भेटायचं ठरवून निघत होतो आणि मुलांना त्यातच मजा आली.

ते खरं गेस्टहाउसही शोधून पाहिलं. पायऱ्या इतक्या उभ्या की सासूबाई पहिल्या वळणावरच थांबल्या असत्या. तळमजल्यावर खोल्याच नाहीत, तिथे त्यांचं स्वयंपाकघर आहे. काउंटरवरच्या गृहस्थाला आमची पावती दाखवली तर तो हसला नाही की चिडला नाही. खालच्या खणातून त्यानं तशाच पावत्यांचा गठ्ठा काढला, इंदूरची, राजकोटची, कोलकात्याची माणसं. "यही लेकर लोग सामान समेत आ जाते हैं," म्हणाला, "हमसे झगड़ते हैं." आम्ही आमच्याकडून नकाशावर तक्रार केली, त्यानंही पान ताब्यात घेतलं. नंबर आता बरोबर दिसतोय. पण नकाशावरचा नंबर, गेस्टहाउसच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर आणि एखाद्या बुकिंग ॲपवरचा नंबर असे तिन्ही जुळवून मगच आगाऊ रक्कम द्या. जुळले नाहीत तर सोडून द्या. आणि रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नको, चालू व्हिडिओ कॉलवर खोलीतून गल्लीपर्यंत चालत जाऊन दाखवा म्हणा. खऱ्या मालकाला त्यात काही अडचण नसते.

पैशांचं म्हणाल तर भाऊजींच्या ३३,०४०पैकी १८,४०० तिसऱ्या कुठल्यातरी बँकेत रोखले गेलेत. न्यायालयाचा आदेश झाला की परत मिळतील, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. माझे १६,५२० तेव्हाच एटीएममधून निघून गेले होते. पहिली रक्कम वर्गणीतली होती, दुसरी भाऊजींनी स्वतःची घातली होती. त्यामुळे येणारे पैसे भाऊजींचे की वर्गणीचे, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.