कोजागिरी ते महाराष्ट्र दिन: सोसायटीतले ओळखीचे खेळ, वापरून पाहिल्यावर

आमची चार मजली बिल्डिंग पुनर्विकासानंतर अकरा मजली झाली. जुने सभासद परत आले, वरच्या मजल्यांवर नवे आले, आणि लिफ्टमध्ये सगळे दारावरच्या आकड्यांकडे बघत गप्प उभे राहू लागले. मी सांस्कृतिक समितीत, म्हणून 'लोकांना जरा बोलतं करा' हे काम माझ्या गळ्यात पडलं. कोजागिरीपासून जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात एखादा खेळ घेतला, त्याचा हा अनुभव.

आधी हाउजी, कारण सगळ्यांना तीच हवी असते. १ ते ९० आकडे, तिकिटावर २७ घरं, त्यातली १५ भरलेली. नियम समजावत बसावं लागत नाही, आजोबांपासून नातवापर्यंत सगळे रमतात. पण ओळख? शून्य. तासभर प्रत्येकाची मान तिकिटात. शेजारणीशी संवाद एकच, 'आत्ता एकोणसाठ म्हणाले की एकोणसत्तर?' करमणूक म्हणून ठेवा, पण शेवटी.

माइक फिरवून ओळख करून देणंही आम्ही बंद केलं. पाळी जवळ आली की माणूस मनात स्वतःचं वाक्य जुळवत असतो, आधीच्याचं नाव कानावरून जातं. माल्कम ब्रेनर या संशोधकाने १९७३ मध्येच प्रयोगातून हे दाखवलं आहे: आपल्या पाळीच्या लगेच आधी जे बोललं जातं ते सगळ्यात कमी लक्षात राहतं. शिवाय माइक हातात आला की काही जण सोडत नाहीत, ते वेगळंच.

सगळ्यात जास्त कामी आला तो सह्यांचा बिंगो. कागदावर सोळा चौकोन, प्रत्येकात एक वर्णन: 'डेक्कन क्वीनने रोज ये-जा केलेली व्यक्ती', 'कळसूबाई चढलेली', 'पुरण घरी वाटणारी', 'मिसळीवर दही घालणारी'. तशी माणसं शोधायची आणि सही घ्यायची. एका माणसाची एकच सही, हा नियम सोडू नका. नाहीतर मंडळी आपल्या नवऱ्याकडूनच चार चौकोन भरून मोकळी होतात. तयार नमुन्यांत पंचवीस चौकोन असतात. तेवढे भरेपर्यंत लोक कंटाळतात. अक्षर मोठं ठेवा, निम्मे लोक चष्मा घरी विसरून येतात.

'वारी पायी केलेली व्यक्ती' या चौकोनासाठी सगळे जुन्या काकांकडे धावले. काका म्हणाले, 'मी नाही बुवा, त्या पोराला विचारा.' पोरगा म्हणजे नवव्या मजल्यावरचा, कायम कानात इअरफोन घालून फिरणारा. आळंदी ते पंढरपूर पूर्ण चाललेला निघाला. त्यानंतर काका त्याला कोपऱ्यात घेऊन बसले ते दिवे घाटाबद्दल विचारत राहिले, आणि स्वतःचा कागद खुर्चीवरच विसरले. मला विचाराल तर कागद अर्धवट राहिले की खेळ जमला म्हणायचा.

चौकोन लिहिताना मात्र जपून. पगार, लग्न, मुलं, मालक की भाडेकरू, यातलं काही नको. 'मूळ गाव कुठलं?' हाही प्रश्न आम्ही काढून टाकला. दिसतो साधा, पण त्यानंतर आडनाव विचारलं जातं आणि ते कशासाठी, हे सगळ्यांना कळतं.

बिनखर्चाचा खेळ म्हणजे वाढदिवसाची रांग. तोंडातून शब्द न काढता, नुसत्या खुणांनी जानेवारी ते डिसेंबर असं उभं राहायचं. २३ माणसं असली तरी कुणा दोघांची तारीख जुळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. आमच्याकडे तर ज्येष्ठांत १ जूनवाले बरेच. पूर्वी शाळेत घालताना खरी तारीख कुणाला ठाऊक नसायची, मग गुरुजी १ जून लिहून टाकत. रांगेत ही सगळी मंडळी एकाच जागी अडकली आणि न बोलायचा नियम तिथेच मोडला. मसाला दूध गार झालं तरी यांच्या शाळा संपेनात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी रांगेत खुर्च्या ठेवा.

हळदीकुंकवाला उखाणा हवाच, असा आग्रह होता. खेळ आपला मुरलेला, पण नवऱ्याचंच नाव घ्यायचं म्हटलं की नवरा गेलेली, घटस्फोट झालेली, लग्न न केलेली बाई आपोआप मागच्या खुर्चीत सरकते. म्हणून ठरवलं, कुणाच्याही नावाचा चालेल. सहाव्या मजल्यावरच्या ताईंनी घेतला:

तुळशीपुढे लावला दिवा, त्यात घातलं तेल,
मोत्याचं नाव घेते, वाजवू नका बेल!

मोत्या म्हणजे त्यांचा कुत्रा. त्याचं भुंकणं अख्ख्या बिल्डिंगला पाठ होतं, मालकीण त्या दिवशी कळली. एक-दोन ज्येष्ठ बायकांना हा बदल रुचला नाही, तेही सांगून ठेवते.

पैसे वाया गेले ते ऑनलाइन मागवलेल्या प्रश्नांच्या पत्त्यांवर. नुसतं कांदेपोहे खात बसलेल्या अनोळखी माणसाला 'तुमच्या आयुष्यातली सर्वात मोठी खंत कोणती?' असं कोण विचारतं? मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये असे ३६ प्रश्न मांडले, पण ते दोघांनीच बसून, हलक्यापासून खोल अशा क्रमाने विचारायचे होते. पत्ते पिसले की तो क्रमच जातो. डबा आता कपाटात आहे, कुणाला हवा असेल तर घेऊन जा.

'दोन खरं, एक खोटं' आयटीतल्या मुलांनी ऐकताक्षणी कपाळाला हात लावला, ऑफिसात दर महिन्याला हेच असतं म्हणे. पाठीवर नाव चिकटवून 'मी कोण?' ओळखण्याचा खेळ बरा, पण निळू फुले लहानांना माहीत नाहीत आणि यूट्यूबवाले मोठ्यांना.

वेळ म्हणाल तर पंधरा मिनिटं पुष्कळ, आणि तीही जेवणाआधी. बाराच्या खाली माणसं असतील तर यातलं काहीच करू नका, भजी तळायला बोलवा.

गणपतीतला बिंगो यंदा मुलं तयार करणार आहेत. त्यांचा पहिलाच चौकोन आला आहे: 'आमचा बॉल अजून परत न दिलेले काका'.