सायकलचा आरसा: नशिराबाद ते एमआयडीसी, हायवेवर वापरून

हॅण्डलला लावायचा गोल आरसा घ्यावा का, असं कंपनीतली पोरं सारखी विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहितो. हायवेनं सायकलवर कामाला जाणाऱ्यानं तो घ्यावाच.

मी नशिराबादहून जळगाव एमआयडीसीत जातो. शिफ्ट बदलती, त्यामुळे कधी पहाट, कधी मे महिन्यातली दुपार, कधी रात्र. रस्ता म्हणजे जुना सहा नंबरचा हायवे, आताचा 53. चौपदरी झाल्यापासून गाड्या सुसाट जातात आणि सायकलवाला पांढऱ्या पट्टीच्या कडेनं जीव मुठीत धरून चालतो. मागून जोरात हॉर्न वाजला की माणूस दचकून मान वळवतो, आणि मान उजवीकडे गेली की हॅण्डलही तिकडेच जातं, थेट गाडीच्या अंगावर. ड्रायव्हर शिवी घालतो, आपणही घालतो. निम्मी भांडणं इथंच होतात.

आरसा असला की मान वळवावी लागत नाही. नुसती नजर खाली टाकली की मागं एसटी आहे, काळीपिवळी आहे की केळीचा ट्रक, ते कळतं. तरसोद फाट्याजवळ बऱ्याचदा ट्रॅक्टरची ट्रॉली कडेला उभी असते आणि तिला वळसा घालायला उजवीकडे सरकावंच लागतं. पूर्वी अंदाजानं सरकायचो. आता आरशात बघतो, ट्रक लांब असेल तर हात काढून दाखवतो, मगच सरकतो. परवा एका ट्रकवाल्यानं डिपर देऊन, म्हणजे दिवे उघडझाप करून गाडी हळू केली, पुढं जाताना केबिनमधून हातही केला. या रस्त्यावर असं मला फार कमी वेळा मिळालंय.

ड्रायव्हरांची बाजूही ऐकली पाहिजे. आमचे साडू सावद्याहून केळी भरून दिल्लीकडे जातात. ते म्हणतात, समोरच्या गाडीनं अप्पर, म्हणजे दिव्याचा वरचा झोत मारला की डोळ्यांपुढं अंधारी येते. त्यात काळ्या स्वेटरातला सायकलवाला, मागं लाल चकतीसुद्धा नाही, दिसणार कसा? भरलेली गाडी जागच्या जागी थांबत नाही, हेही खरं. पण त्यांना एक गोष्ट मी सांगितली, ती त्यांना ठाऊक नव्हती. आम्ही खाली का उतरत नाही? डांबराच्या कडेला कितीतरी ठिकाणी चार बोटं खोल कड तुटलेली असते, खाली बारीक खडी, बाभळीचे काटे. चालत्या सायकलचं चाक तिथं उतरवलं की माणूस आडवा होतो, तोही ट्रकच्या चाकाकडे. केबिनमधून ही कड दिसत नाही, म्हणून ड्रायव्हरला वाटतं हा मुद्दाम साइड देत नाही. आरशामुळे मला एवढं जमतं की गाडी लांब असतानाच बरी जागा बघून उतरून घेतो.

आता वस्तूबद्दल. दीडशेच्या आसपास मिळतो. आरसा बहिर्गोल, म्हणजे बाहेर फुगीर आहे, त्यामुळे मागचा पट्टा रुंद दिसतो, पण गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते. पहिले काही दिवस यावर भरवसा ठेवू नका, डोळ्याला सवय होऊ द्या. गतिरोधकावर आरसा ज्या गोळीवर फिरतो तिचा जोड ढिला पडून आरसा खाली झुकतो. जुन्या ट्यूबची पट्टी कापून आत बसवली तेव्हा माझा थांबला. तोंड प्लास्टिकचं आहे. कोरड्या फडक्यानं धूळ पुसली तर चरे पडतात, आधी पाणी मारा. आपल्याकडे गाड्या उजवीकडून पुढं जातात, तेव्हा आरसा उजव्याच बाजूला लावा.

रात्री मात्र तो फारसा कामाचा नाही. मागचे दिवे थेट डोळ्यांत येतात, मला तो तिरका करून ठेवावा लागतो. रात्रपाळीवाल्यानं मागचा लाल दिवा आधी घ्यावा, आरसा नंतर.

घेताना सायकल सोबत न्या. मुठीच्या टोकात खुपसायचा आरसा सरळ हॅण्डलला बसतो. जुन्या काळ्या सायकलच्या वाकड्या हॅण्डलवर त्याचं तोंड भलतीकडेच राहतं, तिथं पट्टीनं आवळायचा मागा. आणि मागं दुधाचे कॅन लटकवणाऱ्या भाऊंनी लांब दांडीचाच घ्यावा, नाहीतर आरशात फक्त कॅनच दिसेल.