बोट बटणावरून उचलायला शिकवणारा गेम: ‘मॅक्रॉस: स्क्रॅम्बल्ड व्हॅल्किरी’, आठ महिन्यांनंतर

लहानपणी आमच्याकडे सांगलीत व्हिडिओ गेम तासावर भाड्याने मिळायचा. मशीन नकली, पॅडची वायर टेपने जोडलेली आणि पिवळ्या कॅसेटवर ‘९९ गेम’ असं छापलेलं. त्यातले खरे सात-आठ, बाकी तेच नाव बदलून पुन्हा. कॉन्ट्रा आणि मारिओचा कंटाळा आला की यादीत खाली कुठेतरी ‘मॅक्रॉस’ असायचा. विमान उजवीकडे उडायचं, बटण दाबलं की त्याला पाय फुटायचे, आणखी दाबलं की सरळ उभा माणूसच. हे नक्की काय आहे हे गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं. ‘ते रोबोटचं विमान लाव रे’ एवढीच त्याची ओळख. आमच्या पॅडवर टर्बोची दोन बटणं होती. ती दाबून धरायची की गोळ्यांची धार सुरू, आणि जीव जाईपर्यंत अंगठा उचलायचा नाही.

तो गेम फॅमिकॉमवरचा (निन्टेन्डोचं जुनं जपानी मशीन), बांदाई कंपनीचा, १९८५ सालचा, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. तो ज्या कार्टून मालिकेवरून काढला ती ‘चोजिकू योसाई मॅक्रॉस’ जपानी टीव्हीवर ऑक्टोबर १९८२ ते जून १९८३ या काळात चालली, एकूण ३६ भाग. मालिका पाहिल्यावर शोध घेता घेता कळलं की त्याच कंपनीच्या पुढच्या मशीनवर, सुपर फॅमिकॉमवर, याचा एक थोरला भाऊ आहे: ‘स्क्रॅम्बल्ड व्हॅल्किरी’, १९९३, बनवणारी कंपनी विंकीसॉफ्ट, बाजारात आणणारी झामूस. विंकीसॉफ्ट म्हणजे ‘सुपर रोबोट वॉर्स’ बनवणारे तेच लोक, त्यामुळे रोबोट त्यांच्या हातचा मळ. गेम जपानबाहेर अधिकृतपणे कधी आलाच नाही. ‘मॅक्रॉस’चे परदेशातले हक्क १९८५च्या ‘रोबोटेक’पासून (याच मालिकेवरून केलेली अमेरिकन मालिका) जे अडकले, त्यावर थेट २०२१ साली तडजोड झाली. तेव्हा दुकानात मिळेल ही आशा नको. मी जपानमध्ये नोकरीला असलेल्या मित्राकडून जुनं मशीन आणि नुसती कॅसेट मागवली. खोका-पुस्तिकेसह घ्यायची तर भाव बराच चढतो, आणि खोका काही खेळता येत नाही.

आधी विजेची रड सांगतो, कारण कोणी मागवणार असेल तर पहिला धक्का इथेच आहे. जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३०. मूळ अडॅप्टर थेट आपल्या सॉकेटमध्ये घालायचा नाही. गावातल्या एका दुकानातून मी कन्व्हर्टर घेतला तर तो दहा मिनिटांत डासासारखा गुणगुणायला लागला आणि वासही येऊ लागला. परत केला आणि चांगल्या वजनदार ट्रान्सफॉर्मरला पैसे मोजले. आजवर तक्रार नाही. दुसरा धक्का टीव्हीचा. हॉलमधल्या मोठ्या पातळ टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी वायर जोडली तर चित्र धुरकट, आणि बटण दाबल्यावर विमान जणू विचार करून हलतंय. गोळ्या चुकवायच्या गेममध्ये एवढा उशीर म्हणजे खेळ खलास. शेवटी आईच्या माळ्यावरून २१ इंची डबा टीव्ही उतरवला. दोन माणसं लागली, बायको आठवडाभर बोलली नाही, पण चित्र असं आलं की बास. आणि हो, कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची आपली जुनी खोड सोडा. ओलसर श्वासाने पिना खराब होतात. कापसाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलकेच पुसायचं.

आता मूळ मुद्दा. गेमला एकूण सात स्टेज. सुरुवातीला मालिकेतल्या तिघांपैकी एक पायलट निवडायचा: हिकारू, मॅक्स किंवा मिलिया. यंत्र एकच, व्हीएफ-१ व्हॅल्किरी. मालिकेसाठी डिझायनर शोजी कावामोरी यांनी काढलेलं हे यंत्र मुळात अमेरिकेच्या एफ-१४ टॉमकॅट या लढाऊ विमानावरून सुचलेलं. (लहानपणी कोणाकडे ट्रान्सफॉर्मर्स खेळण्यांमधला ‘जेटफायर’ असेल तर तो म्हणजे रंग बदललेली हीच व्हॅल्किरी, साचासुद्धा तोच.) विमान, पाय काढलेलं अर्धं विमान म्हणजे गेरवॉक, आणि पूर्ण माणूस म्हणजे बॅट्रॉइड, अशी तीन रूपं खेळताना केव्हाही बदलता येतात. प्रत्येक रूपाचं शस्त्र निराळं आणि प्रत्येक पायलटचंही निराळं. विमान चपळ, बॅट्रॉइड जड. पहिले दोन महिने मी विमान सोडून दुसरं काही वापरलंच नाही आणि तिसऱ्या स्टेजपुढे गेलोही नाही. बॅट्रॉइड म्हणजे नुसती शोभा, असं माझं ठाम मत होतं. ते किती चुकीचं होतं हे पुढे कळलं: जिथे पळायला जागाच नाही तिथे चपळाईचा उपयोग काय? तिथे उभं राहून मारणारा गडी लागतो.

पण हा गेम मी आठ महिने खेळतोय तो रूपांसाठी नाही. यात एक गंमत आहे, ती मला अपघाताने सापडली. एकदा मध्येच फोन वाजला, माझा अंगठा बटणावरून निघाला, आणि फोन बघेपर्यंत व्हॅल्किरी चमकायला लागली होती. समोरून आलेलं शत्रूचं यान मला धडकलं. मी म्हटलं गेली लाइफ. तर लाइफ गेली नाही, उलट ते यानच माझ्याबरोबर उडायला लागलं आणि आपल्याच लोकांवर गोळ्या झाडू लागलं!

मालिका पाहिलेल्याला हे लगेच उमगेल. झेंट्राडी हे राक्षसी आकाराचे परग्रहवासी. त्यांना लढाईपलीकडे काही ठाऊकच नाही. गाणं नाही, प्रेम नाही, संसार नाही. लिन मिनमेई ही गायिका गायला लागली की ते गोंधळतात, त्यातले काही माणसांच्या बाजूला येतात. २७व्या भागात पृथ्वीसमोर सुमारे ४८ लाख जहाजांचा ताफा उभा असतो आणि माणसांची मुख्य भिस्त एका मुलीच्या गाण्यावर असते. वाचताना हे हास्यास्पद वाटेल, पाहताना वाटत नाही. गेम बनवणाऱ्यांनी हा प्रसंग मधल्या चित्रफितीत दाखवून वेळ मारून नेली नाही. तो त्यांनी बटणात घातला. गोळ्या थांबव, काही क्षण जीव मुठीत धरून नुसता चुकवत राहा, मग तुझ्या यानात ते गाणं उतरेल आणि तू ज्याला शिवशील तो तुझा होईल.

हे सोपं नाही. एक तर सगळे शत्रू असे वश होत नाहीत. कोण होतो आणि कोण नुसता आपटून नुकसान करतो, हे मार खाऊनच पाठ करावं लागतं. माझी एक वही आहे, तीत मी स्टेजवार चित्रं काढून ठेवली आहेत. मुलगी त्याला ‘बाबांची किड्यांची वही’ म्हणते. दुसरं म्हणजे गोळीबार थांबवायचा तो ऐन गर्दीत. रिकाम्या आकाशात थांबवून काय मिळणार? आणि ज्या अंगठ्याचं सगळं शिक्षण टर्बो बटणावर झालं, त्याला ‘आता उचल’ म्हणून सांगणं म्हणजे तापल्या कढईपुढे भजी न ढवळता उभं राहायला सांगण्यासारखं आहे. मला सवय व्हायला तीन महिने लागले.

दिवाळीत भाचा आला होता, वय अकरा. मागे बसून बघत होता.

“मामा, मार ना! समोरच आहे!”

“थांब रे, चमकू दे जरा.”

“अरे मरशील तू!”

मेलोच. पण पुढच्या खेपेला तिथूनच एक धिप्पाड यान बरोबर घेऊन निघालो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यानंतर दोन तास पॅड माझ्या हाती आला नाही. इथे गेमची मोठी उणीव सांगून टाकतो: दोघांना एकत्र खेळता येत नाही. मॅक्स आणि मिलिया दोघं यात असताना ही चूक मला अक्षम्य वाटते. मालिकेत मिलिया ही झेंट्राडींची लढवय्यी मॅक्सला मारायला येते, व्हिडिओ गेमच्या अड्ड्यावर त्याच्याशी गेम खेळून हरते, मग चाकू घेऊन भिडते, तिथेही हरते आणि शेवटी त्याच्याशी लग्न करते. ज्यांची गाठच गेम खेळताना पडली त्यांना जोडीने खेळता येऊ नये?

बाकी तक्रारी किरकोळ. सेव्ह नाही, त्यामुळे बसलात की बसलात. हात बसल्यावर सगळा गेम तासाभराच्या आत आटोपतो, म्हणजे पैसे मोजून फारच थोडं मिळालं असं पहिल्या आठवड्यात वाटू शकतं. जपानी न येण्याने काही अडत नाही, वाचायचं फारसं नाहीच. नवशिक्याने हिकारूपासून सुरुवात करावी. मी सध्या मिलियावर आहे. ती मुळात पलीकडची, म्हणून तिच्यासोबत झेंट्राडी यान उडताना दिसलं की मला उगाचच बरं वाटतं.

सातवी स्टेज आजवर चारदा पार केली, चारही वेळा गोळ्यांच्या जोरावर. शेवटपर्यंत एक पकडलेलं यान सोबत टिकवून न्यायचं हे आता डोक्यात बसलंय. मागच्या रविवारी सहाव्यापर्यंत नेलं होतं, तेवढ्यात लाइट गेली.