टेकडीखालचा बीटचा ज्यूस : चव मस्त, बोर्ड मात्र चुकीचा

आमच्या इथे पुण्यात टेकडीवर फिरून खाली उतरलं की पायथ्याला ज्यूसच्या चार-पाच गाड्या लागलेल्या असतात, दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर, कोरफड, म्हणाल ते. त्यातल्या अगदी शेवटच्या गाडीचा हा रिव्ह्यू. गाडीला नाव नाहीये आणि असतं तरी लिहिलं नसतं, कारण पुढे तक्रारी पण आहेत. एक मावशी आणि त्यांचा मुलगा चालवतात, सकाळी सहा ते नऊ, सोमवारी बंद. बीट-गाजर-आलं ४० रुपये, नुसतं बीट ५०. मी सलग तीन महिने प्यायलेय, किती पैसे घातले याचा हिशोब घरी सांगितलेला नाही, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजते.

गेले कशाला तर हिमोग्लोबिन १०.१ आलं होतं, म्हणजे कमी. सासूबाई लगेच म्हणाल्या बीट खा, रंग बघ की त्याचा, रक्तच आहे. आणि या गाडीवर मोठ्ठा बोर्ड, 'बीट : रक्तवाढीसाठी १०० टक्के गुणकारी', शेजारी लाल थेंबाचं चित्र. म्हणलं झालं, सुटलो.

आता ज्यूसबद्दल. ताजा असतो, ही सगळ्यात मोठी गोष्ट. बाकीचे घरून डबे भरून आणतात, इथे गाडीखाली बॅटरी आहे, त्यावर मिक्सर चालतो आणि तुमच्या डोळ्यासमोर बीट सोलून, चिरून, फिरवून मलमलच्या फडक्यातून पिळून देतात. मावशींचे हात मनगटापर्यंत कायम गुलाबी. बीटला तो मातकट वास असतो ना, काही जणांना त्यानेच नको होतं, तो जिओस्मिनचा वास, पहिल्या पावसात मातीचा सुटतो त्यातलाच. मला आवडतो. ज्यांना नाही आवडत त्यांनी आलं जास्त आणि अर्धं लिंबू सांगावं, बराच दबतो.

तक्रार एक, कारल्याचा ज्यूस काढला की मिक्सरचं भांडं नुसतं पाण्याने हलवून घेतात. दोनदा माझ्या बीटला कारल्याची शेपटी होती. आता मी आधी बघते पुढच्या माणसाने काय मागितलंय आणि त्याप्रमाणे रांगेत मागे-पुढे होते. तक्रार दोन जास्त महत्त्वाची, तो मुलगा न विचारता काळं मीठ आणि चाट मसाला भुरभुरवतो. अरे बाबा, तुझ्या रांगेतले निम्मे काका बीपीसाठी आलेत! 'बिनमिठाचं' असं आधीच सांगा, ग्लास हातात आल्यावर उपयोग नाही.

आणि तक्रार तीन म्हणजे तो बोर्ड. तीन महिन्यांनी परत टेस्ट केली तर हिमोग्लोबिन १०.३. मी वैतागून भाचीला फोन लावला, ती डाएटिशियन आहे, ती आधी पोटभर हसली. म्हणाली, मावशी, १०० ग्रॅम बीटात लोह १ मिलिग्रॅमसुद्धा नसतं गं, ०.८ च्या आसपास. आपल्याकडे बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम सांगितलंय, आयसीएमआरचा, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा, आकडा आहे, मग बसशील का रोज साडेतीन किलो बीट खात? आणि तो लाल रंग बीटानिन नावाच्या रंगद्रव्याचा, त्याचा लोहाशी काडीचा संबंध नाही, हाच रंग खाण्याच्या पदार्थांत ई१६२ म्हणून घालतात. म्हणजे सासूबाईंचं लॉजिक आणि बोर्डवाल्याचं लॉजिक एकच, लाल ते रक्त. उलट बीटचा पाला, जो भाजीवाला तोडून फेकतो, त्यात लोह बीटापेक्षा बऱ्यापैकी जास्त असतं. अगदीच खोटं पण नाही म्हणायचं, बीटात फोलेट (एक बी-जीवनसत्त्व) चांगलं असतं, १०० ग्रॅमला साधारण १०९ मायक्रोग्रॅम, आणि रक्त तयार व्हायला ते लागतंच. पण लोहच कमी असेल तर नुसत्या फोलेटने काय होणार. शेवटी डॉक्टरांच्या गोळ्या सुरू केल्या, लिंबूपाण्याबरोबर, आणि पुढे-मागे तासभर चहा बंद (हे सगळ्यात अवघड गेलं). आता १२.१ आहे. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका ॲनिमिक निघाल्या होत्या, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत ५४ टक्के, त्यामुळे असा बोर्ड वाचून कोणी गोळ्या बंद करून ५० रुपयांचा ग्लास पीत बसली तर ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

गंमत अशी की बीट ज्यासाठी खरंच चांगलं आहे ते बोर्डवर कुठेच नाहीये. ते आहे नायट्रेट. बीटात ते भरपूर असतं, आपल्या जिभेवरचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, मग शरीरात त्याचं नायट्रिक ऑक्साइड होतं आणि त्याने रक्तवाहिन्या जरा सैलावतात, बीपी थोडं उतरतं. लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीत २०१५ मध्ये बीपीच्या पेशंटना रोज २५० मिली ज्यूस चार आठवडे दिला होता, वरचा आकडा साधारण ८ ने खाली आला. ज्यूस थांबवला की आकडा परत वर. त्याआधी २००९ मध्ये इंग्लंडमधल्याच एक्झेटर युनिव्हर्सिटीत आठ तरुणांना सहा दिवस अर्धा-अर्धा लिटर पाजून सायकल मारायला लावली, तर १६ टक्के जास्त वेळ टिकले. आठच जण होते हे लक्षात ठेवा, पण तेव्हापासून खेळाडू लोक बीटच्या मागे लागलेत. मला स्वतःला टेकडी चढताना काही फरक जाणवला का, खरं सांगायचं तर ज्यूस मी उतरल्यावर पीत होते, त्यामुळे प्रश्नच नाही. प्यायचा तर दोन-तीन तास आधी प्यायचा असतो म्हणे.

आणि आता आमच्या घरातला किस्सा. नवऱ्याचं बीपी बॉर्डरला आहे, त्यामुळे तो पण प्यायला लागला, पण दात-जीभ लाल घेऊन ऑफिसला कसं जायचं म्हणून घरी आला की लगेच माऊथवॉशने खळखळून चूळ भरायचा. तो जंतू मारणारा, जळजळीत वाला. भाचीला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, काकांनी ५० रुपये दिले आणि ज्या बॅक्टेरियांनी काम करायचं त्यांनाच मारून टाकलं! अशा माऊथवॉशने नायट्रेटचं नायट्राइट नीट होत नाही हे तपासलेलं आहे. दीड महिना हा उद्योग चालू होता. आता साध्या पाण्याने चूळ भरतो आणि मीटिंगमध्ये तोंड मिटून बसतो, ते पण बरंच आहे. बीपीची गोळी मात्र चालूच आहे, ज्यूस पितो म्हणून ती सोडायची नाही.

सासऱ्यांना आम्ही देत नाही. त्यांना मुतखडा होऊन गेलाय आणि बीटात ऑक्झलेट जास्त असतं, ज्याचे खडे होतात ते. किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियमचा पण विचार करावा लागतो, डॉक्टरला विचारूनच. शुगरवाल्यांनी ज्यूसपेक्षा उकडलेलं बीट किंवा कोशिंबीर खावी, १०० ग्रॅममागे ७ ग्रॅम साखर असते आणि एका ग्लासात दोन-तीन बीटं सहज जातात, तंतू सगळे फडक्यात राहतात. आणि लघवी गुलाबी झाली तर किंचाळू नका, शंभरातल्या दहा-चौदा जणांना होते. नवऱ्याला इन्शुरन्सच्या मेडिकलच्या दिवशी सकाळी झाली, सॅम्पलची डबी देताना तो पांढराफटक, लॅबमधल्या मुलीने डबी उजेडात धरली आणि शांतपणे विचारलं, काल बीट खाल्लंत का सर.

बाकी एक फुकटची टीप, चोथा मागून घ्या. मावशी तो बादलीत टाकतात, गाईला जातो. मी डबा नेते, भाजणीत मिसळून थालीपीठ लावते, वरून तीळ, लोणी. ज्यूसपेक्षा तेच जास्त आवडतं पोरांना. मावशी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "ताई, गाईच्या तोंडचं काढताय."

बोर्डबद्दल एकदा बोलून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाल्या, "खरं असंल ताई, पण रक्त लिहिलंय म्हणून तर बाया थांबतात, ते तुमचं नायट्रेट लिवलं तर कोण पिणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बोर्ड तसाच आहे. ज्यूसला पाचपैकी चार, भांड्यासाठी एक कापला. रविवारी साडेआठच्या आत जा, नंतर बीट संपतं आणि नुसतं गाजर गळ्यात मारतात.