प्रायमर मारू देण्याआधी पत्रा स्वतःच्या डोळ्यांनी बघा (फियाटच्या बॉडीकामात साडेसदुसष्ट हजारांना फसलो त्याचा अनुभव)

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय पण ज्यांनी जुनी गाडी घरच्या घरी उभी करायचं मनावर घेतलंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा ही विनंती, कारण माझे पैसे तर गेलेच पण एक अख्खा पावसाळा गेला आणि गाडी होती त्यापेक्षा वाईट झाली.

गाडी आमच्या आबांची, १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. घरात तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, फियाटच म्हणतात, आणि ते काही चूक नाही, १९६४ ला जी फियाट ११०० डिलाइट निघाली तीच ही गाडी, नाव पुढे बदललं. आबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. गेली दहा-बारा वर्षं पुण्यात सहकारनगरच्या आमच्या घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. आबा आता ८१ चे आहेत, त्यांना परत एकदा तिच्यात बसवून सारसबागेला न्यायचं एवढीच माझी इच्छा होती, म्हणून मागच्या दिवाळीनंतर काम काढलं.

सीटा, काचा, बंपर, आतलं लायनिंग सगळं मीच काढलं. दरवाजे, बॉनेट आणि डिकीचा रंगही मीच उतरवला, रिमूव्हर लावायचा, रंग फुगला की खरवडायचा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर. बॉनेटवर वरती पांढरा, खाली मरून, मग एक जाड राखाडी थर आणि सगळ्यात खाली कंपनीचा मूळ बिस्किट कलर, तो दिसला तेव्हा आबांना हाका मारून खाली बोलावलं होतं. हे काम कष्टाचं आहे पण जमतं. जे मला जमत नव्हतं ते वेल्डिंग. खालचा फ्लोअर आणि दोन्ही बाजूंचे सिल, म्हणजे दाराखालची ती लांब पेटी, गंजून गेलेले. आणि या गाडीला वेगळी चासी नसते, मोनोकॉक बॉडी, सगळा भार त्या फ्लोअर आणि सिलवरच असतो, त्यामुळे तिथे हौशी माणसाने हात घालू नये असं माझं मत होतं आणि अजून आहे.

म्हणून डेंटर, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणारा, शोधला. नाना पेठेत स्पेअर पार्टसाठी चकरा चालूच होत्या, तिथल्याच एका दुकानातून नंबर मिळाला. माणूस घरी येऊन काम करणारा, बोलायला एकदम गोड, आल्या आल्या बोटाने टकटक करत पूर्ण गाडीभोवती फिरला आणि म्हणाला "साहेब, असली गाडी हाताखालून जायला नशीब लागतं." ठरलं असं की गंजलेला पत्रा कापून १८ गेजचा नवीन पत्रा, सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या) वेल्डिंगने, त्याचे ४२ हजार. मग उरलेली बॉडी पूर्ण उघड्या पत्र्यापर्यंत घासून टूके एपॉक्सी प्रायमरचे (रंगाखालचा, हार्डनर मिसळून घट्ट होणारा थर) दोन कोट, त्याची मजुरी १८ हजार. प्रायमर, हार्डनर, थिनर मी स्वतः आणून दिला, साडेसात हजारांचा, म्हटलं मालात तरी खोट नको.

माझी पहिली चूक इथे झाली. माझी चाकणला शिफ्ट, सकाळी साडेसहाला बाहेर, यायला पाच. तो यायचा दहाला आणि चारला जायचा, म्हणजे सलग काम करताना मी त्याला बघितलंच नाही. आबा वरून खिडकीतून बघायचे पण त्यांना काय दिसणार, ग्राइंडरचा आवाज येतोय म्हणजे काम चाललंय. रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचे. फ्लोअरला नवीन कोरा पत्रा, वेल्डिंगचे टाके एका रेषेत, मी खूश, लगेच पुढचा हप्ता पाठवला.

आता ते फोटो परत बघितले की हात थरथरतात. फोटोतल्या फ्लोअरला मधल्या उंचवट्यावर गिअरच्या दांड्याचं भोक आहे! आमच्या फियाटला गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, हँड गिअर, फ्लोअरला तसलं भोक नसतंच. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा फोटो. मी ही गाडी लहानपणापासून बघतोय, हिच्याच सीटवर झोपून गावाला गेलोय, तरी मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर ते माझ्या लक्षात आलं नाही कारण मला नवीन पत्रा बघायची घाई होती. तुम्ही फोटो मागाल तेव्हा एक करा, फोटोत नंबरप्लेट किंवा आपल्या गाडीची एखादी खूण आलीच पाहिजे असं सांगा, आणि शक्यतो व्हिडिओ कॉल करा.

एप्रिलच्या मध्यात एका शनिवारी मी घरी होतो तर म्हणाला "आज प्रायमर मारून टाकतो साहेब." अकराला सुरू केलं, चारला पूर्ण बॉडी राखाडी आणि वर पॉलिश पेपर मारून गुळगुळीतसुद्धा. मी हात फिरवला, काचेसारखं. खरं तर तिथेच शंका यायला पाहिजे होती. टूके एपॉक्सी हार्डनरशी रिअ‍ॅक्शन होऊन हळूहळू घट्ट होतं, त्याच दिवशी घासायला गेलं तर पेपरला चिकटतं, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावंच लागतं. चार-पाच तासांत मारून, वाळून, घासूनही झालं म्हणजे ते साधं एनसी (नायट्रोसेल्युलोज, हार्डनर न लागणारं) प्रायमर, जे थिनर उडाला की वाळतं. उरलेले डबे कुठेत विचारलं तर "संपले साहेब, भंगारात दिले." माझा साडेसात हजारांचा किट दुसऱ्या कुठल्या गाडीला लागला असणार. मी शेवटचे पैसे त्याच संध्याकाळी दिले.

जूनमध्ये पाऊस लागला. गाडी शेडमध्ये, वर कव्हर, अंगावर थेंब नाही, तरी १५-२० दिवसांत डाव्या सिलवर बारीक पुटकुळ्या आल्या, मोहरीएवढ्या, आणि त्यांच्या टोकाला तांबडा ठिपका. एनसी प्रायमर सच्छिद्र असतं, नुसत्या दमट हवेतलं पाणीही ओढून घेतं, त्यावर रंग नसेल तर पुण्याच्या पावसाळ्यात ते पत्रा वाचवू शकत नाही, आणि इथे तर खाली गंज तसाच ठेवलेला. मी आधी फडक्यावर थिनर घेऊन एका कोपऱ्यात घासलं. फडकं राखाडी झालं आणि खाली अर्धवट खरवडलेला जुना पांढरा रंग दिसायला लागला. नीट मुरलेलं एपॉक्सी थिनरच्या फडक्याने असं निघून येत नाही. ही टेस्ट दोन मिनिटांची आहे, प्रायमर मारल्यावर दोन-तीन दिवसांनी कुणीही करू शकतो, मी ती दोन महिन्यांनी केली.

मग फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवलं. बॉनेटला चिकटतंय, दाराला चिकटतंय, आणि डाव्या सिलला पुढच्या चाकापासून दीड फूट ठेवलं की खाली पडतंय. परत ठेवलं, परत पडलं. पोटात गोळा आला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून जरा दाबलं तर लांबीची (खड्डे भरायच्या पुट्टीची) अख्खी लादी निघून हातात आली, जाडी बोटाच्या पेराएवढी नाही पण जवळजवळ एक सेंटीमीटर. आत कोंबडीच्या खुराड्याला लावतात ती जाळी, आणि जाळीच्या मागे चुरगळून कोंबलेला पेपर, ओला, गंजाच्या पाण्याने तांबडा झालेला. जुना सिल जसाच्या तसा. दुसऱ्या बाजूला तपासायचं म्हणून जॅक लावला तर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच कर्रर्र करत वर आत घुसला. गाडी रस्त्यावर असती आणि आत आबा असते तर काय झालं असतं हा विचार आला की मला अजून झोप लागत नाही.

फोन केला तर म्हणाला "साहेब ते आधीच्या कुणाचं तरी काम असणार, आम्ही वरून फिनिशिंग दिलं फक्त." मी घरात आलो, तो ओला पेपर ताटात पसरला आणि हळूहळू उलगडला. पाडव्याच्या फ्लॅट बुकिंगची मोठी जाहिरात, वर तारीख ६ एप्रिल २०२४. म्हणजे गाडी माझ्या दारात, त्याच्या हातात असतानाचा पेपर. तारखेचा फोटो पाठवला, दोन निळ्या खुणा आल्या आणि त्यानंतर नंबर ब्लॉक. दुकानदार म्हणतो आम्ही फक्त नंबर दिला.

बिल घेतलं नव्हतं ही दुसरी चूक. पण पैसे सगळे यूपीआयने गेलेत आणि त्याने स्वतः लिहिलेले मेसेज आहेत, "सिल दोन्ही नवीन टाकले", "एपॉक्सी दोन कोट कंप्लीट". तेच आता आधार आहेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चाललीय, तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहितोय. तोंडी बोलणं झालं तरी रात्री मेसेज करून "आज आपलं असं असं ठरलं" एवढं लिहून ठेवा, समोरच्याचं "हो साहेब" आलं की बास.

कामाबद्दल माझं आता ठाम मत झालंय की प्रायमर हा पडदा आहे, तो पडला की खाली सोनं आहे की पेपर हे कळायचा मार्ग नाही, त्यामुळे उघडा पत्रा असतानाच सुट्टी काढून समोर उभं राहायचं. एक दिवसाचा पगार जाऊ दे. कापलेला जुना पत्रा भंगारात देऊ नका म्हणावं, माझ्यासमोर ठेवा, दोन सिल कापलेत तर दोन गंजके तुकडे दिसले पाहिजेत ना. वेल्डिंगचे टाके आतून बाहेरून हाताने बघायचे. मग रंग-गंज साफ, ग्रीस रिमूव्हरने पुसून, घामट हात न लावता, त्याच दिवशी एपॉक्सी, कारण उघड्या पत्र्यावर दमट हवेत रात्रीतून तांबूस झाक येते. डबा आणि हार्डनर आपल्यासमोर फोडायचा, डब्यावर लिहिलेल्या मापाने मिसळायचा. लांबी लागली तर एपॉक्सीवर, पातळ, खड्डा ठोकून वर काढल्यावर उरलेल्या फरकापुरतीच. लांबीने भोक बुजवायचं नसतं. आणि शेवटचा हप्ता थिनरचं फडकं आणि चुंबक फिरवल्याशिवाय द्यायचा नाही, कितीही गोड बोलला तरी.

सध्या भोसरीतला एक वेल्डर दर रविवारी घरी येतो, वयस्कर माणूस, बोलतो कमी. त्याने पहिल्याच दिवशी डावा सिल पूर्ण कापला आणि मला म्हणाला "या, आत हात घालून बघा, मगच नवीन लावतो." आबा पण काठी टेकत आले, त्यांनी पण हात घालून बघितला. उजव्या बाजूचं काम येत्या रविवारी आहे.

तो पेपर, जाळी आणि लांबीची लादी पिशवीत जपून ठेवलीय. कुणी जुन्या गाडीचं काम काढत असेल आणि खराब काम आतून कसं दिसतं ते प्रत्यक्ष बघायचं असेल तर मला मेसेज करा आणि रविवारी चार वाजता या, चांगलं काम पण बाजूलाच चालू असेल.